मधल्या खोलीतला निरोप्या

३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही कप्तानने दिली. कप्तान म्हणजे आमचा साहेब. चार माणसांच्या ऑफिसात साहेब म्हणवून घ्यायची त्यालाच लाज वाटते, म्हणून हे नाव पडलं. म्हणाला, "तुझ्याकडे कुठून काय आलं आणि तू पुढे काय दिलंस, रोज लिहीत जा. बिघडलं की शोधायला बरं पडतं." त्याला कामाबद्दल म्हणायचं होतं. पण वही दोनशे पानी आहे आणि माझं काम काही एवढं बिघडत नाही. उरलेल्या पानांत घरचं लिहीन म्हणतो.

काम असं: दातांच्या एका डॉक्टरीणबाईंसाठी आम्ही मोबाइलचं अ‍ॅप करतोय. पेशंटला त्याची पुढची वेळ एका छोट्या कार्डावर दिसते. हे कार्ड अकरा स्क्रीनवर येतं आणि मी ते अकरा वेळा लिहून ठेवलंय, एकाची नक्कल करून दुसरं. आज आमच्या डिझायनरने, म्हणजे रंगारीने, कार्डाचे कोपरे गोल करायला सांगितले. मी दिवसभर कोपरे घासत बसलो. दहा झाले, एक राहिला, आणि तो नेमका चाळणीला सापडला. चाळणी आमचं काम तपासते. तिच्या हातून काही सुटत नाही म्हणून ती चाळणी.

आता घर. तिसरा मजला, एक लांब बोळ, बोळाला तीन खोल्या. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला आत्या, मधे मी. बाबा आणि आत्या, सख्खे बहीणभाऊ, सात आठवडे एकमेकांशी बोललेले नाहीत. आत्या जन्मभर हॉस्पिटलात सिस्टर होती, त्यामुळे हाती लागेल ते उकळायची तिला सवय. तिने बाबांचा तपकिरी स्वेटर उकळत्या पाण्यात घातला. तो माझ्या आईने विणलेला होता. बाहेर निघाला तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला झाला असता. बाबा एवढंच म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं?" आत्या म्हणाली, "यापुढे नाही करणार काही." तेव्हापासून बाबा साडेसातला जेवतात, आत्या साडेआठला, आणि निरोप माझ्यातून जातात.

हे काम मला छान जमतं, हे मी नम्रपणे नमूद करतो. निरोप जसाच्या तसा द्यायचा नसतो, धार बोथट करून द्यायचा असतो. आजचंच घ्या. आत्या म्हणाली, "माझ्या मैत्रिणीची, मेट्रनची, खोली रिकामी आहे. मी तीस तारखेला तिच्याकडे राहायला जाते. कायमची. त्याला सांग." मी बाबांना सांगितलं, "आत्या काही दिवस मेट्रनमावशीकडे जाऊन येईन म्हणते." बाबा म्हणाले, "कशाला? इथे काय कमी आहे म्हणावं." हे असं नेलं असतं तर भडका उडाला असता. मी आत्याला सांगितलं, "बाबा म्हणाले, तुझ्या मनाप्रमाणे कर."

आत्या टॉवेलची घडी घालत होती. "हं," म्हणाली आणि तीच घडी मोडून पुन्हा घातली.

आत्या जाऊ नये असं मला फार वाटतं. आई गेल्यावर हे घर पुन्हा घरासारखं चालायला लागलं ते तिच्यामुळे. पण सत्तावीस दिवस हातात आहेत. गोडीगुलाबीने दोघांना आणीन वळणावर.

६ ऑक्टोबर, गुरुवार

कप्तान म्हणाला, अकरा कार्डं बंद. एकच कार्ड घडवायचं आणि अकरा ठिकाणी तेच बसवायचं. कोपरा बदलायचा तर एकदा बदलायचा, सगळीकडे बदलतो. याला आम्ही कम्पोनंट म्हणतो. कार्डाला स्वतःचं डोकं नसतं. वरून जी तारीख मिळेल ती दाखवणं एवढंच त्याचं काम. मुख्य स्क्रीनला तारीख माहीत असते, ती यादीला देते, यादी ओळीला देते, ओळ कार्डाला देते. हातोहात.

संध्याकाळी आत्याने दारातून हाक मारली. "त्याच्या छातीचं माप काय आहे, विचारून ये. कशाला ते सांगू नकोस."

आता हे विचारायचं म्हणजे बाबा विचारणार, कशाला. मी म्हणणार, माहीत नाही. मग ते म्हणणार, तिला विचार. बोळातून चार खेपा झाल्या असत्या. मी दारातच पाच मिनिटं थांबलो, परत गेलो आणि म्हणालो, "बेचाळीस." बेचाळीस माझं माप आहे. बापलेकात फरक असून असून किती असणार.

आत्याने ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं. बाबांचे जुने शर्ट कोणाला तरी देऊन टाकायचे असतील तिला.

१० ऑक्टोबर, सोमवार

एकच कार्ड, अकरा स्क्रीन. बसलं. रंगारीने रंग बदलायला सांगितला, मी एका ठिकाणी बदलला आणि अकरा ठिकाणी बदललेला बघत खुर्चीत मागे रेलून बसलो. रंगारी म्हणाली, "आता तरी घरी वेळेवर जाशील."

एकच गोष्ट डोळ्यांना खुपत होती. तारीख पोचायला उशीर झाला की कार्ड क्षणभर रिकामं दिसायचं, अगदी बोडकं. मी त्यावर तोड काढली. तारीख आली नाही तर ओळीने आपल्या मनाने भरायची: आजची तारीख, सकाळचे दहा. याला डिफॉल्ट म्हणतात. दिसायला कसं भरल्या घरासारखं दिसतं.

घरी बाबांचा निरोप: "तिच्या खोलीची खिडकी वाऱ्याने वाजते. मी दुरुस्त करून देतो म्हणावं, थंडी पडायच्या आत." आत्या अंघोळीला गेली होती. नंतर माझ्या डोक्यातून गेलं. जेवताना तिने विचारलं, "काही म्हणाला का तो?" मला पटकन आठवेना. म्हटलं, "नाही गं. तुझ्या मनाप्रमाणे कर म्हणाले."

"तेच पुन्हा?" ती म्हणाली. मग म्हणाली, "सूप गार होतंय, पी."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आत्याच्या खोलीतून हल्ली सारखी बारीक टिकटिक येते. नवं घड्याळ घेतलं असणार. मी आत डोकावलो तर तिने घाईघाईने लोकरीचे गोळे पिशवीत कोंबले. आवराआवर सुरू झाली म्हणायची.

बाबांचं वेगळंच. आज दुपारी आत्या बाजारात गेली असताना त्यांनी तिची चाकांची बॅग स्वतःच्या खोलीत ओढून नेली. "एक चाक सैल आहे," म्हणाले, "बघतो." मला बरं वाटलं. निदान मदत तरी करतायत. मी आत्याला कौतुकाने सांगितलं, "बाबांनी तुझी बॅग दुरुस्तीला घेतलीय बरं का."

आत्या म्हणाली, "एवढी घाई झालीय त्याला?"

बायकांना कशाचं वाईट वाटेल, सांगता येत नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

बॅग सहा दिवस झाले तशीच. पट्टी शोधायला बाबांचा खण उघडला, तर नकाशांच्या पेन्सिलींखाली चाक पडलेलं. बाबा पस्तीस वर्षं सरकारी मोजणीत होते, जमिनी मोजायचे, टाचणी कुठे ठेवली तेही सांगायचे. आणि आता चाक ठेवून विसरतात. वय झालं. मी काही बोललो नाही, त्यांना लाजल्यासारखं होईल.

आत्याने बाबांच्या गोळ्यांचा तक्ता केलाय. सकाळच्या पिवळ्या चौकोनात, दुपारच्या हिरव्या, आणि खाली तिच्या टपोऱ्या अक्षरात: "रिकाम्या पोटी घेतल्यास चक्कर येते. घेतोच." म्हणाली, "मी गेल्यावर तुला सोपं पडेल." मी तक्ता फ्रिजवर लावला. बाबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

मग मला म्हणाले, "तिला सांग, जाऊ नकोस म्हणावं." अगदी हळू म्हणाले.

मी गेलोही होतो सांगायला. दारात पोचेपर्यंत वाटलं, हा हुकूम वाटेल तिला, आधीच ती दुखावलेली. योग्य वेळ बघून सांगावं. तिने वर पाहिलं. मी म्हटलं, "तक्ता आवडला बाबांना."

"बरं," ती म्हणाली. "आणखी काही?"

"नाही. बाकी तुझ्या मनाप्रमाणे."

२४ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी अ‍ॅपची नवी आवृत्ती सगळ्या पेशंटांच्या मोबाइलवर गेली. कप्तानने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले. घरी मात्र फक्त सहा दिवस राहिलेत, आणि अजून योग्य वेळ आलेली नाही.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तेवीस पेशंट हजर झाले.

सगळ्यांना दहाचीच वेळ. खुर्च्या सहा. लोक जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत उभे, निम्म्यांचे गाल सुजलेले. एक आजोबा कवळी रुमालात बांधून आले होते. त्यांची वेळ खरं तर पुढच्या महिन्यात होती. जो तो मोबाइल काढून दाखवतोय: आज, सकाळी दहा. सुंदर कार्ड, गोल कोपरे.

कप्तान आणि मी धावत गेलो. मी शेजारच्या शिंप्याकडून स्टुलं मागून आणली आणि प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली. डॉक्टरीणबाई मास्कच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमची दाढ काढायची असली तर सांगा. भूल न देता काढते."

दुपारभर शोधलं. यादी नव्याने लिहिताना मी तारीख पुढे ओळीला द्यायलाच विसरलो होतो. वरच्या स्क्रीनला तारीख बरोबर माहीत होती. कार्ड दाखवायला तयार होतं. मधेच गळाली. आणि ओळीने, माझ्या शहाणपणाने, गप्प न बसता आपल्या मनाची तारीख ठोकून दिली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

चाळणी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं.

"विसरलास त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "विसरतो माणूस. पण कार्ड रिकामं राहिलं असतं तर मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तू ते भरलंस. खोटं भरलंस, ते पण इतकं नीटनेटकं की मला खरंच वाटलं."

"बोडकं दिसत होतं गं."

"दिसू दे की. रिकामं असेल तर रिकामं दाखवायचं. म्हणजे कळतं तरी, काहीतरी हरवलंय."

आज डिफॉल्ट काढून टाकला. शिवाय कप्तानच्या सांगण्यावरून रचनाच बदलली: तारीख एका ठिकाणी ठेवलेली, कार्ड ती थेट तिथूनच घेतं. यादी आणि ओळ यांना त्यातलं काही कळायची गरजच नाही. मधल्याने हातच लावायचा नाही. कोड निम्मा झाला. वाईट एवढंच वाटलं की त्या ओळीवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

घरी आत्याने बॅग मागितली. बाबांनी निरोप दिला, चाक मिळत नाही. मी सांगितलं, होईल उद्यापर्यंत.

२९ ऑक्टोबर, शनिवार

हे सगळं सविस्तर लिहितोय, हात दुखेपर्यंत.

सकाळी आत्याने मला खोलीत बोलावलं. तिचं सामान दोन खोक्यांत बांधून झालं होतं. पलंगावर एक तपकिरी स्वेटर ठेवला होता, नवाकोरा, आईच्या स्वेटरला होती तशीच नक्षी. "सिस्टर माणूस मी, टाके घालायचे ते वेगळे," ती म्हणाली. "साठी उलटल्यावर विणायला शिकले. तीनदा उसवला. हा त्याला दे. मी गेल्यावर दे, आणि काही बोलू नकोस."

ती टिकटिक घड्याळाची नव्हती.

मी स्वेटर उचलला आणि माझ्या हातात तो ओळखीच्या मापाचा लागला. बेचाळीस. बाबा माझ्यापुढे मुठीएवढे आहेत. हा त्यांना गुडघ्यापर्यंत आला असता.

सवयीप्रमाणे माझ्या डोक्यात आधी सारवासारवच आली. म्हणेन, बाबांना सैल आवडतो. वाक्य ओठावर आलं होतं. आणि मला ते तेवीस लोक दिसले, जिन्यात गाल धरून उभे असलेले.

मी वही घेऊन आलो. "आत्या, जरा माझ्या खोलीत ये," म्हटलं. मग बाबांना म्हटलं, "बाबा, माझ्या खोलीत या." दोघंही दारात थबकले. मी म्हटलं, "एकमेकांशी बोलू नका हवं तर. फक्त ऐका." बाबा खुर्चीवर बसले, आत्या पलंगाच्या कडेवर, दोघंही खिडकीकडे बघत.

मी वाचायला लागलो. तीन तारीख. बाबा म्हणाले, इथे काय कमी आहे म्हणावं. मी सांगितलं, तुझ्या मनाप्रमाणे कर. सहा तारीख, माप विचारलंच नाही, माझं सांगितलं. दहा तारीख, खिडकी दुरुस्त करून देतो म्हणाले, मी विसरलो आणि म्हटलं, तुझ्या मनाप्रमाणे. एकोणीस तारीख. इथे मी वही मिटायला लागलो. आत्या म्हणाली, "वाच."

"बाबा म्हणाले, तिला सांग, जाऊ नकोस. मी सांगितलं नाही."

बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. त्यात मी काहीही भरलं नाही. फार जड गेलं.

मग आत्या सात, छे, जवळजवळ अकरा आठवड्यांनी बाबांकडे बघून बोलली. "मला वाटलं, तुला मी नकोच आहे."

"मी कधी म्हणालो तसं?" बाबा म्हणाले.

"काहीच म्हणत नव्हतास. एकच वाक्य यायचं, रबरी शिक्क्यासारखं."

"तो शिक्का याचा." बाबांनी माझ्याकडे न बघता बोट केलं. मग म्हणाले, "स्वेटरवरून मी तसं बोलायला नको होतं. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं, म्हणून बोललो."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली, आणि डोळे पुसून आपल्या खोलीतून नवा स्वेटर घेऊन आली. "म्हणून तर बसले विणत."

बाबांनी स्वेटर उलगडला. हात लांब करून धरला. नक्षीवरून बोट फिरवलं, सावकाश, एकेक ओळ. मग तो अंगाला लावून खाली बघितलं, आणि त्यांच्यातला मोजणीवाला जागा झाला. "हे माप कोणाचं?"

"याचं," आत्या म्हणाली.

"पस्तीस वर्षं मोजणी केली," बाबा म्हणाले. "साखळी टाकल्याशिवाय एक आकडा लिहिला नाही. आणि माझाच पोरगा दारात उभा राहून माप ठोकून देतो."

"आणि मी कायमची जाते म्हणाले होते," आत्या म्हणाली. "ते तरी पोचवलं का याने?"

"कायमची?" बाबा माझ्याकडे वळले. "मला हा म्हणाला, काही दिवस."

पुढचा पाऊण तास दोघांनी मिळून मला धारेवर धरलं. एक दमला की दुसरा सुरू. लहानपणी मी कोणत्या कोणत्या थापा मारल्या होत्या तेही निघालं. इतकी बोलणी खाऊन इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

३० ऑक्टोबर, रविवार

सकाळी जाग आली ती बोळातल्या आवाजाने. बाबा हात वर करून उभे होते आणि आत्या त्यांच्या छातीभोवती फीत गुंडाळत होती.

"श्वास सोड," आत्या म्हणाली. "पोट आत ओढून माप देऊ नकोस. फोटो नाही काढायचाय."

"फीत सरळ धर. मागे खाली गेलीय."

"मागे बघता येतं का तुला?"

"न बघता कळतं."

अडतीस निघालं. आत्याने बेचाळीस खोडून शेजारी स्वतः लिहिलं, बाबांनी आकडा तपासला. मग तिने मेट्रनमावशीला फोन केला. म्हणाली, नवा विणायला घेतलाय, दोन महिने तरी लागतील, तोवर खोली दुसऱ्या कोणाला दिलीस तरी चालेल. पलीकडून मावशी मोठ्याने हसल्याचं मलाही ऐकू आलं.

दुपारी बाबांनी आत्याची खिडकी दुरुस्त केली. मी दोनदा माझ्या दारात जाऊन उभा राहिलो, कोणाला काही सांगायचं असेल तर. कोणी हाक मारली नाही. तेव्हा बेचाळीसचा स्वेटर घालून वहीसमोर बसलोय. थोडा टोचतो आणि घामही येतोय, पण काढवत नाही. उद्या तो घालूनच ऑफिसला जाणार आहे.

आत्ता बोळातून आत्याचा आवाज आला, "अरे दादा, माझ्या बॅगेचं चाक सापडलं का?" आणि बाबा म्हणाले, "शोधतोय अजून."

चाक पेन्सिलींखाली आहे. मला कोणी विचारलेलं नाही.